सरळ रेषेतलं कुंपण

४ मार्च, बुधवार

काल दुपारच्या वादळात आमचं आणि कंडक्टरबाईंचं मधलं कुंपण भुईसपाट झालं. एकोणीस वर्षं त्याच्यावर वेली आणि झुडपं अशी माजली होती की आत खांब आहेत हेसुद्धा मी विसरले होते. आज सकाळी सगळा पसारा बाजूला केला आणि खांबांची बुडं दिसली. तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे.

कुंपण वाकडं आहे. रस्त्यापासून निघतं ते आमच्या खालच्या खोलीला लागून, भिंतीपासून जेमतेम एक वीत अंतर ठेवून जातं. खोली संपली की कोपऱ्यात चक्क दोन फूट आमच्या बाजूला वळतं आणि मग मागच्या दगडापर्यंत सरळ. म्हणजे परसातली दोन फुटांची अख्खी पट्टी पलीकडे गेली, आणि त्या पट्टीत कंडक्टरबाईंचं लिंबाचं झाड सुखाने उभं आहे. चौतीस वर्षं मी मुलांना भूमिती शिकवली आणि माझ्याच परसात हे!

ह्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "वाऱ्याने हलले असतील खांब."

"बुडाशी सिमेंट आहे. वाऱ्याने सिमेंट हलतं?"

त्यावर, चहा टाकला आहे, उतू जाईल, म्हणून आत गेले. चहा टाकलेला नव्हता.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन. आईला एप्रिलच्या शेवटी इकडे आणायचं नक्की झालं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आईचे गुडघे गेलेले. वर्षभर ती खाली उतरलेली नाही. भावजय थकली आहे, आणि तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. आमची खालची खोली आईसाठीच आता रिकामी केली. पण कुंपण नसलं तर गल्लीतली कुत्री थेट खोलीच्या दारात येऊन बसतील. आई यायच्या आत कुंपण उभं राहिलं पाहिजे, आणि सरळ रेषेत.

५ मार्च, गुरुवार

कंडक्टरबाईंशी बोलणं झालं. बोलणं म्हणजे त्या बोलल्या. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही, गल्लीच्या टोकाला कळतं.

"बाई, होतं तिथेच उभं करून टाकू. माणूस मी आणते."

"होतं तिथे नाही. सरळ."

त्यांनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. हे स्वतःच्या चपला निरखत होते.

"सरळ कशाला? एकोणीस वर्षं वाकडं होतं. कुणाचं काय अडलं?"

"वाकडं आहे म्हणजे कुणाचं तरी चुकलं आहे."

"चुकलंय की!" असं म्हणून त्या खो खो हसल्या.

कबूल करतात आणि वर हसतात. निगरगट्टपणाला काही सीमा?

८ मार्च, रविवार

आज व्यवस्थित आकृती काढली. ह्यांची पोलादी टेप, माझी वही, दोन तास उन्हात. खोलीची भिंत हा पाया धरला, तिला समांतर रेषा मागपर्यंत ओढली. वहीत नेहमीसारखं वरती लिहिलं: 'गृहीत – खोली आपल्या हद्दीत आहे.' आणि पुढे सगळं जमत गेलं. पट्टी दोन फूट रुंद, सेहेचाळीस फूट लांब. ब्याण्णव चौरस फूट त्यांनी गिळले. आता सरकारी मोजणीच मागवणार, असं ह्यांना सांगून टाकलं.

ह्यांनी वही पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "खोलीपासूनच का मोजलंस?"

"मग कशापासून मोजू? पुढचा हद्दीचा दगड रस्ता उंच केला तेव्हाच गाडला गेला."

"नाही, सहज विचारलं." आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. भाजी कालच आणली होती.

ह्या माणसाचा स्वभाव मला कधी कळायचा नाही. कुणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागणार. जन्मभर टपालखात्यात पत्रं वेगळी करत बसला, भांडायचं म्हणून माहीत नाही. आयुष्यात एकच काम कुणाला न विचारता तडीला नेलं, ते म्हणजे ही खोली. मी तेव्हा दहा महिने प्रशिक्षणाला परगावी होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि झोपायची खोली वर. परत आले तर खाली खोली तयार, सासूबाई खिडकीशी बसलेल्या! त्या दिवशी मला ह्यांचा इतका अभिमान वाटला होता की काय सांगू. तोच माणूस आज दोन फुटांसाठी तोंड उघडत नाही.

९ मार्च, सोमवार

सकाळीच कंडक्टरबाई दारात. आत आल्या नाहीत, पायरीवरूनच: "बाई, ती मागची दोन फूट घ्या तुम्ही. लिंबू तेवढं राहू द्या. घाला तुमचं सरळ कुंपण. पण मोजणीबिजणी नको."

काल ह्यांनी मोजणीचा विषय त्यांच्या कानावर घातला असणार. घरचा भेदी!

मी म्हटलं, "मला कुणाची खैरात नको. माझं आहे तेवढं रीतसर घेईन."

"रीतसर म्हणजे कागद आला. कागदावर चढलं की माझ्या हातात काही राहत नाही हो."

"कागदाला घाबरतो तो ज्याचं खोटं असतं."

मग ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काही बोलणार आहात का?" हे म्हणाले, "बघू." त्या फणकाऱ्याने निघून गेल्या.

कुणी हक्काची जागा अशी सहज सोडून देतं का? चोरीचा माल असला तरच. आज माझी खात्रीच झाली.

१४ मार्च, शनिवार

मोजणीचा अर्ज मी मंगळवारी लिहून ह्यांच्याकडे टाकायला दिला होता. आज कोट झटकताना आतल्या खिशात सापडला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवणारा माणूस!

"विसरलो," म्हणाले.

मी रिक्षा करून स्वतः मोजणी कार्यालयात गेले आणि अर्ज देऊन पोच घेतली. घरी आल्यावर पोच ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ते जेवलेच नाहीत. उपास करायचा तर करा म्हटलं.

पण खरं लिहायचं तर मलाही जेवण गेलं नाही.

२१ मार्च, शनिवार

अखेर एक शहाणा माणूस भेटला. कंडक्टरबाईंचा भाचा. बहिणीचा मुलगा, बहीण गेलेली. बाईंना मूलबाळ नाही, घर पुढे ह्यालाच मिळणार. महिन्यातून एकदा मोटारीने येतो, मावशीची औषधं आणतो, दिवे बदलून देतो. आज माझ्या आकृतीची वही त्याने नीट पाहिली.

"काकू, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. होऊनच जाऊ द्या मोजणी. मलाही एकदा कळायलाच हवं कुठपर्यंत काय आहे."

मावशी मागून ओरडली, "तू गप्प बस रे, तुला काय करायचंय!" तर हसून म्हणाला, "मावशी, काकू शिकलेल्या आहेत, त्यांचं ऐक जरा."

किती गोड बोलला. खोलीच्या भिंतीशी उभं राहून वीतभर जागेचा त्याने फोटोसुद्धा काढला. हल्लीच्या मुलांना व्यवस्थितपणा असतो.

२६ मार्च, गुरुवार

कुत्री. आज तीन. एक खोलीत जाऊन नव्या गादीवर झोपलं होतं.

२ एप्रिल, गुरुवार

काय लिहू?

मोजणीदार दहाला आला. तीन पायांचं यंत्र, बरोबर दोन मजूर, काखेत जुना नकाशा. भाचा आधीच येऊन उभा होता. कंडक्टरबाई घराबाहेर आल्याच नाहीत. मजुरांनी रस्त्याच्या कडेला दोन हात खणलं आणि पुढचा दगड सापडला. मी टाळ्या वाजवल्या. मी खरंच टाळ्या वाजवल्या.

मोजणीदाराने यंत्रातून पाहिलं, नकाशा पाहिला, परत पाहिलं. मग म्हणाला, "बाई, ही खोली उघडता का?"

"खोलीचं काय काम?"

"रेषा आतून जाते."

मला वाटलं हा चुकला. त्याला मी माझी वही दाखवली. त्याने वही शांतपणे पाहिली आणि म्हणाला, "भिंत बरोबर आहे असं धरूनच तुम्ही सुरुवात केलीत."

मागचं कुंपण दोन दगडांना जोडणाऱ्या रेषेवर अगदी बरोबर आहे. बोटभरही इकडे तिकडे नाही. लिंबू त्यांच्याच जागेत. बाहेर आहे ती आमची खोली. बाराच्या बारा फूट लांबीत, सव्वा फूट. त्याने फरशीवर खडूने रेघ ओढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आईसाठी आणलेल्या पलंगाखालून. पलंग अर्धा त्यांच्या हद्दीत.

भाच्याने रेघेचा फोटो काढला. आज हसला नाही. "नकाशाची प्रत दोन्हीकडे येईल ना?" एवढंच त्याने विचारलं.

३ एप्रिल, शुक्रवार

ह्यांनी सगळं सांगितलं. मी ओरडले नाही. ओरडायला काही उरलं नव्हतं.

मी परगावी असताना हे रोज सासूबाईंना पाठीवर घेऊन जिना चढत-उतरत. एकदा पाय घसरला आणि दोघं चार पायऱ्या खाली आली. आवाज ऐकून कंडक्टरबाई धावत आल्या. सासूबाईंना उचललं आणि ह्यांना विचारलं, खाली खोली का बांधत नाही? हे म्हणाले, जागा पुरत नाही, पलंग आणि शेजारी चाकाची खुर्ची बसत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग थोडी माझ्यात सरका की! चाळीस माणसांच्या गाडीत मी सत्तर बसवलीत." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आपले खांब उपटले आणि दोन फूट मागे घेतले. तेवढ्याच ठिकाणी, जिथे खोली येणार होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घेऊ दिलं नसतंस. म्हणाली असतीस, दुसऱ्याची जागा, रीतसर नाही. आई वरच राहिली असती."

हे खरं आहे. मी अगदी हेच म्हणाले असते.

"आणि आता, या महिन्यात? मी टेप घेऊन उन्हात फिरत होते तेव्हा?"

"तुला त्या खोलीचा अभिमान होता," एवढंच म्हणाले. ह्या माणसाला मी काय करू?

४ एप्रिल, शनिवार

तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा गेले. कंडक्टरबाई लिंबाला पाणी घालत होत्या.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"मग? सांगत नव्हते?" म्हणाल्या. "किती घसा कोरडा केला मी! बारा वेळा सांगितलं मोजणी नको. पण ऐकेल ती बाई कसली."

"तुम्ही स्पष्ट का नाही बोललात?"

"भाऊंनी शब्द घेतला होता. आणि मला काय ठाऊक तुम्हाला तुमच्याच घरातलं ठाऊक नाही!"

पाण्याची बादली उचलायला गेले तर ती पण हिसकावून घेतली. मग म्हणाल्या, "आई कधी यायच्यात?"

१३ एप्रिल, सोमवार

नकाशाच्या प्रती आल्या. पाठोपाठ भाचा आला. "काकू, भिंत सव्वा फूट आत घ्या. महिनाभरात." बोलणं तितकंच गोड.

गवंड्याला आणून दाखवलं. तो म्हणतो, सगळा स्लॅब त्याच भिंतीवर आहे. भिंत काढली की खोली गेली. आणि वर न्यायचं तर आईला जिना चढवणार कोण? ह्यांचं वय आता सदुसष्ट आहे.

भावाला फोन करून आठ दिवस मागितले. भावजयीने फोन घेतला. ती नुसतं "बरं" म्हणाली. मागून आईचा आवाज आला, "काय म्हणते? नको म्हणते का?"

मी वाद घातला नसता तर आज आईसाठी पडदे शिवत बसले असते. हे सगळं मी माझ्या हाताने केलं आहे, रीतसर अर्ज करून, पोच घेऊन.

१८ एप्रिल, शनिवार

आज भाचा आणि मावशी यांची आमच्याच परसात जुंपली. मी स्वयंपाकघरात होते, शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांच्या आवाजात ते कठीण नाही.

"माझी जागा, मी दिली. भिंतीला हात लावायचा नाही."

"दिलीस ती तोंडी. आता कागदावर तुझी आहे. उद्या हे घर विकायचं झालं तर ही भानगड कोण निस्तरणार? मी?"

"मी आहे तोवर कोण काय करतो बघते."

"तू किती दिवस आहेस, मावशी?"

कंडक्टरबाई गप्प बसल्या, हे मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. भाचा म्हणाला, "तसं नाही म्हणायचं मला." त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी नऊला कंडक्टरबाई इस्त्रीची साडी नेसून हजर. "बाई, चला. भाऊ, तुम्ही पण चला. आधी मोजणी खातं दाखवलंत ना, आता नोंदणी कचेरी मी दाखवते."

खोलीखालची पट्टी, बारा फूट लांब, दोन फूट रुंद. तिचं बक्षीसपत्र. मी नको म्हणत होते. रस्ताभर म्हणत होते. मी म्हटलं, तुमचा भाचा तुटेल.

"तुटेल," म्हणाल्या. "कागद तुम्हीच काढलात ना? मग आता त्याला कागदानेच उत्तर द्यावं लागणार. मी आज आहे, उद्या नाही. तुमच्या आईला घराबाहेर काढायला तो आला तर मी वरून येऊन भांडू का?"

सही करताना कागद डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला, मग लेखनिकालाच विचारलं, कुठे करू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे, भाचा नेणार होता.

संध्याकाळी त्याला कळलं. मोटारीतून उतरलासुद्धा नाही. फाटकावरून म्हणाला, "मग यापुढे सगळं त्यांच्याकडूनच करून घे." आणि गेला. मावशीची औषधांची पिशवी फाटकाला लटकवून गेला, तेवढं मात्र केलं.

मी खिडकीतून बघत होते. कंडक्टरबाईंनी पिशवी काढून घेतली, आतलं मोजलं आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मला बाहेर जायला तोंड नव्हतं.

२६ एप्रिल, रविवार

आई आली. भावाने आणि ह्यांनी खुर्चीसकट उचलून खोलीत ठेवली. आईने चहूकडे पाहिलं आणि म्हणाली, "जमिनीवर आले ग बाई एकदाची." मग म्हणाली, "खिडकी किती मोठी आहे." मग झोपली.

खडूची रेघ मी तीनदा पुसली. फरशीच्या सांध्यात जरा राहिली आहे.

कुंपण होतं तिथेच, वाकडंच उभं राहिलं. दुपारी कंडक्टरबाई येऊन पलंग हलवून गेल्या, वारा नीट लागत नाही म्हणून. पडदे चुकीचे शिवलेत असंही सांगितलं. शिवण उलट बाजूने दिसते म्हणे. डोळ्यांना दिसत नाही त्यांच्या, पण हे बरं दिसलं.

११ मे, सोमवार

हे रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

भाचा आला नाही. काल मी त्याला फोन केला, त्याने "बघतो" म्हटलं. सकाळी सातला रिक्षा बोलावून मीच कंडक्टरबाईंना घेऊन आले. वाटभर रिक्षावाल्याला, कुठून वळ, कुठे थांब, सांगत होत्या. तो वैतागला. मीही वैतागले.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. शस्त्रक्रियेला संमती, नातेवाइकाची सही. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'शेजारी' लिहिलं. त्याने कागद परत केला. "शेजारी चालत नाही. नात्यातलं माणूस लागतं. नसेल तर तारीख पुढे ढकलू."

मागे बाई बाकावर बसल्या होत्या, डोळ्यांत औषध घातलेलं, दोन्ही हातांत पिशवी घट्ट धरलेली. "काय म्हणतो तो?" त्यांनी ओरडून विचारलं. अख्खं दालन वळून बघायला लागलं. "भाचा आला का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी मांडीवरून काढून बाकावर ठेवली.

चौतीस वर्षं मी चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा दिला नाही. मी 'शेजारी' खोडलं आणि वर 'बहीण' लिहिलं. खाली सही केली. कारकुनाने शिक्का मारला, वर पाहिलंसुद्धा नाही.

परिचारिका त्यांना आत न्यायला आली तेव्हा माझा हात चाचपडत धरून म्हणाल्या, "चालवलं का त्याने? काय लिहिलंत?"

"बहीण."

मला वाटलं रडतात की काय.

"थोरली की धाकटी?"

"एवढं कुणी विचारलं नाही."

"मग थोरली मी. आता ऐकायचं. इथे बसून राहू नका, घरी जा. आईंच्या जेवणाची वेळ झाली. भाऊ एकटे काय बघणार?"

दार बंद झालं. ह्यांना फोन करून आईला जेवायला वाढायला सांगितलं. मी उठलेली नाही.